नोटीस काकांच्या नावाने आलीय, पण सामान आमचं हलणार आहे

एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून थोडे बदल करून, थोडक्यात सांगते.

तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या हद्दीत, मेन रोडला लागून असलेल्या एका घरात त्या सहा वर्षं भाड्याने राहतात. दोन खोल्या आणि पुढे पडवी, पडवीत त्यांचं ब्लाऊज शिवणं, फॉल-पिको चालतं. मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर, मुलगा नववीत, विधवा सासूबाई सोबत. आता रेल्वे फाटकावर उड्डाणपूल होणार म्हणून रस्ता रुंद होतोय आणि त्यात हे घर जातंय. पाच आठवड्यांपूर्वी पेपरला अधिसूचना आली, नोटीस आली ती घरमालकांच्या नावाने. घरमालकांना त्या काका म्हणतात. लॉकडाऊनमध्ये काकांनी तीन महिने भाडं मागितलं नव्हतं. तेच काका आता म्हणतायत की पंधरा दिवसांनी मोजणीला लोक येणार, त्याआधी घर खाली करा, डिपॉझिट पूर्ण देतो, वर एक महिन्याचं भाडं देतो, फक्त या स्टॅम्पपेपरवर सही करा. पेपरवर लिहिलंय की आम्ही इथे अकरा महिन्यांसाठी होतो, आमचा इथे काही हक्क-संबंध नाही आणि स्वखुशीने घर सोडतोय. मिस्टर म्हणतात, सही कर, काकांचे उपकार आहेत. भाऊ म्हणतो, हलू नका, दोन लाख घेतल्याशिवाय सहीच करू नका, काकांना करोडो मिळणार आहेत. ताई विचारतात: "घर आमचं नाही हे मला कळतं. मग मागायचं तरी कशाच्या जोरावर? आणि मागितलं तर मी कृतघ्न ठरेन का?"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "घर आमचं नाही" या वाक्याशी अडकले. सातबाऱ्यावर, प्रॉपर्टी कार्डवर तुमचं नाव नाही, बरोबर. पण सहा वर्षं ज्या पत्त्यावर गॅस येतो, ज्या पत्त्यावरून मुलगा शाळेत जातो, ज्या पडवीत गिऱ्हाईक ब्लाऊजचं माप द्यायला येतं, ते सगळं उद्या उठणार आहे. जमीन काकांची जातेय आणि राहतं घर तुमचं जातंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्यानेही त्या वेगळ्याच धरल्यात, हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आधीचा इंग्रजांच्या काळातला १८९४ चा कायदा होता त्यात पुनर्वसन असं काही नव्हतंच, जमिनीचा मोबदला द्यायचा आणि विषय संपला. १ जानेवारी २०१४ पासून जो २०१३ चा भूसंपादन कायदा लागू झाला त्याच्या नावातच पुनर्वसन आहे. त्यात "बाधित कुटुंब" कोण हे सांगताना फक्त जमीनमालक धरलेला नाही. शहरी भागात संपादनाच्या आधी तीन वर्षं किंवा जास्त राहणारं कुटुंब त्यात आहे, आणि ज्यांची कमाई त्या जागेवर अवलंबून होती तेही आहेत. नगरपरिषदेची हद्द म्हणजे शहरी भाग. तुमची सहा वर्षं झालीत. म्हणजे ज्या जोरावर मागायचं तो जोर हा आहे, काकांची दया किंवा भावाचा आवाज नाही.

आता मिळू काय शकतं ते आकड्यांत सांगते, कारण आकडे माहीत नसले की माणूस एकतर काहीच मागत नाही नाहीतर भलतंच मागतो. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे ते असं: शहरी भागात राहतं घर गेलं तर किमान ५० चौरस मीटरचं बांधलेलं घर, आणि ज्यांची स्वतःची घरजागा नाही पण अधिसूचनेआधी सलग तीन वर्षं तिथे राहिलेत त्यांनाही ते लागू. शहरी भागातल्या अशा कुटुंबाने घर नको म्हटलं तर एकरकमी किमान दीड लाख. शिवाय वर्षभर महिन्याला ३,००० रुपये निर्वाहभत्ता, सामान हलवायचे ५०,०००, पुनर्वसाहतीचे ५०,०००. आणि कारागीर, छोटा व्यापारी किंवा स्वयंरोजगार करणाऱ्या कुटुंबाला किमान २५,०००, हे तुमच्या शिलाई मशीनसाठी आहे हे विसरू नका. हे आकडे २०१३ साली ठरलेले आहेत. आज महिन्याला ३,००० मध्ये तुमच्या गावात तरी दोन खोल्या मिळतील का, मला नाही वाटत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. पण स्टॅम्पपेपरवर सही केली तर तुमच्या हातात येणार एक महिन्याचं भाडं, त्याच्याशी तुलना करून बघा.

आणि सासूबाई! पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत केलाय, पण याच कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबाने सोडून दिलेल्या स्त्रिया स्वतंत्र कुटुंब म्हणून धरायच्या असं आहे. म्हणजे अर्ज करताना त्यांचं नाव तुमच्या रेशनकार्डाच्या यादीत चौथं म्हणून न टाकता त्यांचा वेगळा अर्ज द्या. मान्य होईल की नाही ते अधिकारी ठरवतील, पण मागितलंच नाही तर कोणी आपणहून लिहून घेणार नाही.

हे सगळं आपोआप खात्यात येत नाही, हेही स्पष्ट सांगते. ऑफिसात पहिलं उत्तर बहुतेक "भाडेकरूंचं काही नसतं, मालकाशी बोला" असंच मिळेल. राज्याने कायद्यात काही दुरुस्त्या केल्यात, काही प्रकल्पांना वेगळी वाट आहे, म्हणून सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा: आमच्या घराचं संपादन नेमकं कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या पद्धतीने चाललंय? हायवे किंवा रेल्वेच्या कायद्याखाली असलं तरी घाबरू नका, १ सप्टेंबर २०१५ पासून मोबदला आणि पुनर्वसनाच्या या अनुसूची त्यांनाही लागू केल्यात. खरी काळजी दुसरीच आहे. आपल्याकडे बरीच जमीन आता वाटाघाटीने थेट खरेदी होते, म्हणजे मालक आणि सरकारी यंत्रणा खरेदीखत करून मोकळे होतात, किंवा शहरात रस्त्यासाठी जागा घेताना मालकाला पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क मिळतो आणि तो मिळायला जागा मोकळी करून द्यावी लागते. अशा व्यवहारात भाडेकरू कुठल्याच कागदावर न येता गायब होऊ शकतो. काका "मोजणीच्या आधी" खाली करा म्हणतायत ते कदाचित यामुळेच असेल. तुमच्या पत्रात अधिसूचना आल्याचं लिहिलंय, त्यावरून सक्तीच्या संपादनाची प्रक्रिया सुरू झालेली दिसते, तरी खात्री करून घ्या.

आता काकांबद्दल. तुमच्या मिस्टरांना वाटतंय की आपण काही मागितलं तर ते काकांच्या ताटातून जाणार. इथेच गडबड आहे. जमिनीचा आणि बांधकामाचा मोबदला वेगळा, पुनर्वसनाचे हक्क वेगळे. तुम्हाला निर्वाहभत्ता मिळाला म्हणून काकांचा एक रुपया कमी होत नाही. तरी काकांची भीती पूर्ण खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. जर भाडेकरूने मोबदल्याच्या रकमेतच वाटा मागितला तर वाटपाचा वाद उभा राहतो आणि मग रक्कम भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होऊन पडते, ती मिळेपर्यंत मालकाच्या चकरा सुरू होतात. कोणीतरी काकांना हे सांगितलं असणार, किंवा त्यांनी शेजारच्या गावात बघितलं असेल. त्यामुळे त्यांना भाडेकरू नावाची भानगडच कागदावर नको आहे. म्हातारा माणूस, घर जातंय, त्यालाही झोप नाही. तुम्ही जर त्यांना जाऊन म्हणालात की "काका, तुमच्या मोबदल्यात आम्हाला काही नको, तसं लिहून देते, पण आम्ही इथे फक्त अकरा महिन्यांसाठी होतो असं खोटं लिहून द्यायला सांगू नका", तर माझा अंदाज आहे की निम्मी ताणाताणी तिथेच संपेल.

तुम्ही कृतघ्न ठरता का, हे तुम्ही मला विचारलंय. काकांनी तीन महिने भाडं सोडलं ते मोठं मन होतं, त्याची आठवण ठेवा, त्यांचं सामान हलवताना मिस्टरांचा टेम्पो घेऊन जा, त्यांच्या कागदपत्रांच्या झेरॉक्सला मुलाला पाठवा. पण त्या उपकाराची परतफेड म्हणून सासूबाईंचा आणि मुलाचा हक्क सोडून द्यायचा, तेही खोट्या कागदावर, हे काकांनी शांतपणे विचार केला तर त्यांनाही पटणार नाही. सरकारकडून येणाऱ्या गोष्टीसाठी काकांचा मान ठेवणं आड येतच नाही.

भावाला मात्र माझ्याकडून एक सांगा. दोन लाखांसाठी सही अडवून धरणं यात धोका आहे. तुमचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट अजून तीन महिने चालू आहे, म्हणजे तोवर तुम्ही हक्काने तिथे आहात. मुदत संपल्यावरही बसून राहिलात आणि काका भाडे कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेले तर लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये, मुदतीनंतरच्या दिवसांचं दुप्पट भाडं लागू शकतं. दोन लाखांच्या नादात घरातलं आहे ते जाईल. आणि ज्या दिवशी तुम्ही "पैसे द्या मगच निघतो" म्हणाल त्या दिवसापासून ऑफिसातही तुमच्याकडे अडवणूक करणारी म्हणूनच बघतील. थेट खरेदीचा मामला निघाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा तुमची सोय बघायला सरकारी यादी नसेल आणि काकांशीच समोर बसून बोलावं लागेल, नवीन घराचं डिपॉझिट, सामान हलवायचा खर्च, दोन-तीन महिन्यांचं भाडं असं काहीतरी रास्त.

माझं तुम्हाला एकच आग्रहाचं सांगणं आहे: घराची मोजणी आणि कुटुंबांची पाहणी होईपर्यंत घर सोडू नका. ज्या दिवशी माणसं वही घेऊन येतील त्या दिवशी तुम्ही, सासूबाई, शिलाई मशीन आणि चुलीवरचा चहा त्या घरात असला पाहिजे. कायद्यात प्रशासकाने, म्हणजे पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने, बाधित कुटुंबांची पाहणी आणि गणना करायची असं आहे, आणि त्यात जमीन नसलेल्यांच्या बुडणाऱ्या रोजगाराचीही नोंद घ्यायची आहे. पुढचं सगळं या यादीवर उभं राहतं. मुंबईत रेल्वेलगतच्या हजारो झोपड्या एमयूटीपी या लोकल रेल्वे सुधारण्याच्या प्रकल्पात हलवल्या तेव्हाही घर कोणाला हे ठरलं ते पायाभूत पाहणीच्या यादीवर, आणि ती मोजणी करायला महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका स्वतः उतरल्या होत्या कारण त्यांना माहीत होतं की आज नाव यादीतून सुटलं तर उद्या कोणी ऐकणार नाही. मेट्रो-३ साठी गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारती जायच्या ठरल्या तेव्हा तिथले पागडीवाले भाडेकरू त्याच भागात घर पाहिजे म्हणून अडून बसले आणि त्यांचं पुनर्वसन तिथेच धरावं लागलं. (पागडीवाल्या वाचकांनी लक्षात घ्या, तुमचा जागेतला हक्क या ताईंपेक्षा बराच पक्का आहे, मोबदल्यात हिस्सा सोडतो असं तुम्ही वकिलाला विचारल्याशिवाय अजिबात लिहून देऊ नका.)

मग त्या वहीत नाव यावं म्हणून हाताशी काय ठेवायचं? "अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट आहे म्हणजे अकरा महिनेच राहिलो असं धरतात का" असं तुम्ही लिहिलंय. नाही. दर अकरा महिन्यांनी नवीन केलेली सहा वर्षांची अ‍ॅग्रीमेंट एकाखाली एक लावली की सलग वास्तव्यच दिसतं. मधलं एखादं सापडत नसेल तर ज्यांनी नोंदणी करून दिली त्या एजंटकडे किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मिळते. अ‍ॅग्रीमेंट नोंदवायची जबाबदारी मुळात मालकाची आहे, ते नसलं म्हणून तुम्ही तिथे राहतच नव्हता असं होत नाही. त्याशिवाय गॅसचं कार्ड, मतदार यादीतलं नाव, रेशनकार्ड, मुलाच्या शाळेचं बोनाफाईड, सासूबाईंच्या सरकारी दवाखान्याचे केसपेपर, भाडं फोनवरून पाठवत असाल तर त्याचं बँक स्टेटमेंट. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, काकांनी पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती दिली असेल ना, त्याची पोच शोधा, त्यावर तारीख आणि शिक्का असतो. शिलाईकामासाठी उद्यम नोंदणी किंवा दुकानाची नोंद असेल तर उत्तम, नसेल तर दोरे-अस्तर घेतल्याची बिलं, गिऱ्हाइकांची मापांची वही, पडवीतल्या पाटीचा फोटो. ती मापांची वही जपून ठेवा ताई, सहा वर्षांच्या तारखा असलेला तो पुरावा आहे.

गावाकडे सासऱ्यांच्या नावावर पडकं घर आहे असंही तुम्ही लिहिलंय आणि ते सांगावं की लपवावं असं विचारलंय. सांगा. घरजागा नसणं ही घराच्या लाभाची अट आहे, त्यामुळे अधिकारी त्यावर बोट ठेवू शकतात, पण बाकीचे भत्ते आणि शिलाईकामाची मदत त्या अटीवर नाहीत. लपवलेलं नंतर निघालं तर सगळाच अर्ज संशयात जातो.

अर्ज साधा लिहा. आम्ही अमुक तारखेपासून या पत्त्यावर राहतो, अमुक अधिसूचनेत हे घर येतं, बाधित कुटुंब म्हणून आमची पाहणीत नोंद घ्यावी, शिलाई हा उपजीविकेचा भाग आहे, सोबत इतकी कागदपत्रं. एक प्रत भूसंपादन अधिकाऱ्याकडे, बहुतेक ठिकाणी ते प्रांत कार्यालयच असतं, एक जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्याकडे, एक नगरपरिषदेत. आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही. शिक्का देत नसतील तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. अधिसूचनेवर हरकतीसाठी ६० दिवस असतात, तुमचे पाच आठवडे गेलेत, म्हणजे वेळ आहे पण सुट्टीत गावी जाऊन येण्याइतका नाही. कलम २१ ची, म्हणजे मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे दावे मागवणारी नोटीस मालकासोबत जागेवर प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही द्यायची असते, ती तुमच्या नावाने यावी असं अर्जातच लिहा. पुनर्वसनाची मसुदा योजना नगरपरिषदेत चर्चेला ठेवायची असते, त्या तारखेवर लक्ष ठेवा आणि दोन-चार भाडेकरू मिळून जा, त्या रस्त्यावर तुम्ही एकट्याच भाड्याने राहत असाल असं नाही.

कोणीच दाद देत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकच विषय, दीडशे शब्दांत: आमच्या गट नंबरवरच्या बाधित कुटुंबांच्या यादीची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि वकिलाची फी परवडणार नाही म्हणून गप्प बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते, १५१०० हा त्यांचा फोन नंबर. अर्ज म्हणूनच तुमच्या नावाने करा, मिस्टरांच्या नाही. निवाडा, म्हणजे कोणाला काय मिळणार हा अधिकाऱ्यांचा अंतिम आदेश, झाल्यावर तो मान्य नसेल तर मुदतीत दाद मागता येते, तुम्ही निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहाच आठवडे मिळतात, तोवर वकील ओळखीचा झालेला बरा.

राहिला काकांचा स्टॅम्पपेपर. त्यातला "स्वखुशीने" हा शब्द सगळ्यात महाग आहे. कायदा मदत करतो ती नाइलाजाने उठावं लागलेल्यांना, आणि तुम्ही खुशीने गेलो असं लिहून दिलं की पुढचे सगळे अर्ज त्या एका शब्दापाशी अडतील. काकांना सही हवीच असेल तर हा मजकूर घेऊन जा:

"आम्ही या घरात अमुक तारखेपासून भाड्याने राहत आहोत. शासनाच्या भूसंपादनामुळे हे घर आम्हाला सोडावे लागत आहे. जमीन व बांधकामाच्या मोबदल्यात आम्ही हिस्सा मागणार नाही. बाधित कुटुंब म्हणून पुनर्वसनाचे आमचे हक्क आम्ही राखून ठेवत आहोत. अनामत रक्कम पूर्ण मिळाली."

शेवटचं वाक्य पैसे हातात आल्यावरच लिहायचं. काकांचं काम याने होतं आणि तुमचंही काही जात नाही. ते तयार नसतील, रागावतील, तर वाद घालू नका, "मोजणी होऊ द्या काका, मग बसू" एवढंच म्हणून उठा. लाईट-पाणी तोडून कोणी बाहेर काढायला बघितलं तर मात्र त्याच दिवशी पोलीस स्टेशनला लेखी द्या, तोंडी नको.

मोजणी झाली, नाव आलं, की मग नवीन घर शोधायला लागा, निवाड्यापर्यंत ताटकळत बसायची गरज नाही. मुलाची दहावी पुढच्या वर्षी आहे, तेव्हा शाळेच्या बाजूला, आणि शक्य झालं तर तळमजल्यावर, म्हणजे सासूबाईंचे गुडघे आणि तुमचं गिऱ्हाईक दोन्हीची सोय होईल. जाताना रिकाम्या खोल्यांचे, पडवीचे फोटो काढा, नवीन पत्ता त्याच तिन्ही ऑफिसांत लेखी कळवा आणि त्यावरही शिक्का घ्या. पत्ता न कळवल्यामुळे नोटीस जुन्या दारावर चिकटून राहिली आणि घर पाडताना दारासकट गेली, असं मला एका वाचक भावांनी मागे लिहिलं होतं, त्यांचं नाव यादीत होतं तरीही.

सोमवारी प्रांत कार्यालयात जाताना मिस्टरांना सोबत न्या, सही तुमची असू दे. मोजणीच्या दिवशी वहीत काय लिहिलं ते स्वतः वाचल्याशिवाय अंगठा-सही करू नका आणि त्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, मी बघते.